उभ्या कानांची बंदूक

२ मार्च

काल संध्याकाळी ताइस्तोने बाबांची बंदूक बैठकीच्या खोलीत उभी केली, तिच्या तोंडावर आपली लोकरी टोपी अडकवली, दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "दिवा."

"चालू तर आहे," मी म्हटलं.

"अगं तो नाही. हिचा दिवा करायचा. खाली बर्चच्या लाकडाचा गोल पाट, नळीतून वायर, वर शेड. माझ्या उन्हाळी घरात, सोफ्याशेजारी. काय शोभेल!"

माझा धाकटा भाऊ फर्निचर विकतो. जगातली प्रत्येक उभी वस्तू त्याला दिवा वाटते आणि प्रत्येक आडवी वस्तू सोफा. ऑक्टोबरात बाबांच्या शवपेटीकडे तो ज्या नजरेने बघत होता, ती मी अजून विसरलेले नाही.

खरं तर मला बंदुकीचं काय पडलंय? मी दातांच्या कवळ्या करते. पण बाबा दर रविवारी तिला तेल लावायचे. इतक्या मायेने त्यांनी आईलासुद्धा कधी हात लावलेला मला आठवत नाही. आणि आता तिच्या डोक्यावर झालरीची शेड? मला एकदम रडू आलं, आणि आमच्या पोह्यानमा प्रांतात माणसाला रडू आलं की तो भांडतो. तेव्हा भांडले. भांडण सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, शिरेपर्यंत चाललं.

"जुलैत कोइवुनेवाच्या मैदानावर जुन्या बंदुकांची स्पर्धा असते," मी वरच्या बाकावरून म्हटलं. "तिथे 'मूळ अवस्था' गटात परीक्षकांनी हिला पास केलं तर ही माझी. नाही केलं तर कर तुझा दिवा."

ताइस्तोने तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं, वाफेत आम्ही दोघं दिसेनासे झालो, आणि त्या वाफेतून त्याचा हात पुढे आला. मी तो धरला.

सौनात दिलेला शब्द मोडता येत नाही. अंगावर टॉवेलसुद्धा नसताना माणूस लबाडी ठेवणार कुठे?

६ मार्च

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बंदूक सुटी केली. पिर्को आली होती. ती लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं दाढा घासते आहे आणि माझ्या आयुष्याबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती असते, निदान तिचं तसं म्हणणं आहे.

बंदूक १९३४ सालची, रक्षक दलासाठी बनलेली, उभ्या कानांची. नेम धरायच्या पुढच्या काडीच्या दोन्ही अंगांना दोन लोखंडी पाकळ्या आहेत, कुत्र्याने कान टवकारावेत तशा. ते कान तेवढे खरे. बाकी काय सांगावं! गोळ्यांची पेटी भलत्याच रशियन बंदुकीची. खऱ्या पेटीवर एच-व्ही अशी दोन अक्षरं हवीत, म्हणजे 'अडकत नाही अशी'. पुढचं कडं दुसऱ्याच जातीचं. पट्ट्याची कडी तिसऱ्याची. एक स्क्रू तर बहुधा कुणाच्या तरी सायकलचा. आणि नळी लाकडात हलू नये म्हणून टोकाशी अॅल्युमिनियमचं अंगठ्याएवढं बुश असायला हवं, ते मुळात नाहीच.

"बाबा आयुष्यभर या खिचडीला तेल लावत होते?" मी म्हटलं.

"प्रेम आंधळं असतं," पिर्को म्हणाली.

असेल. पण मी आंधळी नाही. माझ्या धंद्यात माणूस एक गोष्ट शिकतो: तोंडात एक दात परका असला तरी सगळं हसू परकं दिसतं. इथे निम्मं तोंड परकं आहे. सगळे दात बदलायचे. काढलेला कचरा बिस्किटांच्या डब्यात टाकला.

१० मार्च

नेमबाजी क्लबातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं: ताउनो रिस्सानेन, साव्हो प्रांतातलं हीरेनलाहती गाव. त्याच्याकडे नाही असा भाग फॅक्टरीतसुद्धा नव्हता म्हणे. "पण बाई, तो साव्होचा आहे," एवढं बोलून ते असे गप्प झाले, जणू आजाराचं नाव सांगितलं.

फोन केला.

"रिस्सानेन का?"

"असं म्हणतात लोक."

"मला १९३४च्या उभ्या कानांच्या बंदुकीची पेटी हवी. एच-व्ही शिक्क्याची. आहे का?"

बराच वेळ नुसता श्वास. मग, "आता पेट्या म्हटलं, तर पेट्या असतात तशा."

"तुमच्याकडे आहे का?"

"असेलही. पण नसेलही, असंही होऊ शकतं."

"बघून सांगता का?"

"बघायचं तर बघता येतं. पण मी इथे बघितलेलं तुम्हाला तिथे दिसायचं नाही."

साव्होचा माणूस बोलू लागला की जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते, असं आमच्याकडे म्हणतात ते उगीच नाही. आमची जमीन सपाट आणि बोलणंही सपाट. आहे तर आहे, नाही तर चालू लागा.

शनिवारी जाते. चार तासांचा रस्ता आहे. चेहरा बघून विचारलं की कुणीही सरळ उत्तर देतो.

१५ मार्च

कुणीही देत नाही.

रिस्सानेन गावच्या बंद पडलेल्या डेअरीत राहतो. साठीला टेकलेला, उंच, कान मोठे, मिश्या पांढऱ्या. जिथे एके काळी लोणी व्हायचं तिथे आता भिंतभर ड्रॉवर आहेत आणि प्रत्येकावर छापील अक्षरात लेबल: कडी, १९३०–३५. स्क्रू, पुढचे. स्क्रू, मागचे. माझ्या लॅबमध्ये दातसुद्धा इतके शिस्तीत झोपत नाहीत.

"पेटी," मी म्हटलं.

"कॉफी," तो म्हणाला.

कॉफी झाली. मग त्याने राईच्या पावात अख्खे मासे भाजलेला तो त्यांचा कालाकुक्को कापला. मग सरोवरावरचा बर्फ यंदा कधी फुटेल यावर बोललो. म्हणजे तो म्हणाला की फुटेलही आणि थांबेलही. मग पुन्हा कॉफी. दुपार कलली तेव्हा त्याने उठून एक ड्रॉवर उघडला, न शोधता हात घातला आणि माझ्यापुढे एक स्क्रू ठेवला. एक. पण काय स्क्रू! डोक्यावरची खाच अशी निर्मळ की मी हसलेच.

"किती द्यायचे?"

"स्क्रूचे काय पैसे घ्यायचे."

"आणि पेटी? कडं? बुश?"

"ते शोधावं लागेल," तो ड्रॉवरांकडे हताशपणे बघत म्हणाला.

इतकी सुंदर लेबलं लावूनही माणसाला काही सापडत नाही. वय, दुसरं काय.

परत येताना चारही तास गाणी म्हणत गाडी चालवली. चांगला स्क्रू मिळाला की असं होत असावं.

२९ मार्च

आज पट्ट्याची कडी मिळाली. एकच मिळाली. पण आजची मोठी गोष्ट वेगळीच आहे.

कडी बघून मी हसले, तसा तोही हसला आणि मी पहिल्यांदा त्याचं तोंड उजेडात पाहिलं. वर डावीकडे सुळ्याशेजारी खिंडार, आणि त्यात एका तारेच्या आधाराने लटकलेला खोटा दात. त्याचा रंग! बाकी तोंड जुन्या हस्तिदंतासारखं आणि मध्येच हा नव्या फ्रिजसारखा पांढरा. शिवाय तो 'स' म्हणताना वाजतो.

"हा दात कुणी केला?"

"झाला असा."

"दात होत नसतात, करतात. हा गुन्हा आहे. स्वतः १९३४चा स्क्रू १९३५च्या भोकात घालू देणार नाही आणि तोंडात हे घेऊन फिरता?"

मिश्यांपर्यंत लाल झाला बिचारा. मी ठरवून टाकलं: पैसे घेत नाही ना, मग दात मी करून देणार. ठसा त्याच्या गावच्या डेंटिस्टने घ्यायचा, दात मी करायचा, नियमात बसतं. रंग जुळवायला मात्र मी स्वतः यायला हवं. दिवसाच्या उजेडात. आणि उजेड रोज वेगळा असतो.

निघताना त्याने पायरीवर टोपी काढली, परत घातली, पुन्हा काढली. म्हणाला, "लोक असं म्हणतात की एवढी कॉफी झाल्यावर माणसं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली तरी चालतं. आली नाहीत तरीही चालतं म्हणा."

"तू," मी म्हटलं आणि हात पुढे केला. "सायमी."

"ताउनो," तो म्हणाला. हात सोडायला मात्र विसरला. वय.

१२ एप्रिल

रंग बघितला. ढग होते. नीट कळला नाही.

काही भाग मिळाला नाही. कालाकुक्को मिळाला.

३ मे

ऊन होतं, तर फारच होतं. दात भलताच पिवळा दिसला. परत यावं लागणार.

पुढचं कडं मिळालं! तीन ड्रॉवर उघडून त्याने चौथ्यातून काढलं. वरती रक्षक दलाचा छोटा 'एस'. मी ते कडं बोटात घालून खिडकीत धरलं, फिरवलं, उन्हात चमकवलं. वळले तर ताउनो माझ्या हाताकडे असा बघत होता, जणू मी कडं मोडणारच आहे. मी लगेच काढून ठेवलं. संग्राहक माणसं वस्तूच्या बाबतीत फार हळवी असतात.

सरोवरावरचा बर्फ फुटलाय. आम्ही दोघं धक्क्यावर बसून बर्फाच्या पातळ काचा एकमेकींवर आपटून किणकिणताना ऐकत होतो. तो म्हणाला, "एकट्याला इथे शांत वाटतं. दोघांनाही वाटत असावं. मोजून बघितलेलं नाही."

मी म्हटलं की शांततेचं मला सांगू नको. घटस्फोटात माझ्या नवऱ्याने, लाउरीने, होडी घेतली आणि मी शांतता, आणि नऊ वर्षं झाली तरी ती संपलेली नाही.

यावर त्याने थर्मासातून माझा कप भरला. इतका काठोकाठ भरला की साव्होच्या माणसालाही शोभू नये.

१४ मे

पिर्कोला आज चेव आला होता.

"एक दात करायला तुला साधारण किती वेळ लागतो?"

"दोन भेटी."

"आणि हा कधीपासून चाललाय?"

"अवघड दात आहे."

"सायमी, हा दात आठवडाभर तुझ्या ड्रॉवरमध्ये तयार पडलाय. मी बघितला. तुझ्या हातचा इतका सुंदर दात मी दुसरा पाहिला नाही."

"पॉलिश राहिलंय," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हातातली कवळी उचलून तिच्याच जबड्याने म्हणाली, "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं!" आणि कवळी खाडकन मिटली. लॅबभर हशा. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. दात रुमालात बांधून पर्समध्ये टाकला. लॅबमध्ये ठेवायची सोय नाही.

३१ मे

आज जी गोष्ट झाली तिच्याबद्दल स्वतःशी तरी स्पष्ट लिहावं.

तुर्कूच्या एका विक्रेत्याने इंटरनेटवर जाहिरात टाकली आहे: एच-व्ही पेटी आणि अॅल्युमिनियमचं बुश, दोन्ही, १९३४, उद्या पोस्टाने रवाना. म्हणजे बंदूक पुढच्या आठवड्यात पुरी झाली असती. ताइस्तोचा दिवा विझला असता. त्याने शेडसुद्धा आणून ठेवली आहे, नारिंगी, गोंडे असलेली. माझ्या फोनवर तिचा फोटो पाठवला.

मी जाहिरात सकाळी पाहिली, दुपारी पाहिली, जेवताना पाहिली. मग बंद केली. पेटीवरचा शिक्का जरा उथळ वाटला.

फोटोत शिक्का नव्हता, पेटीची मागची बाजू होती. पण उथळ शिक्का मागूनही कळतो.

मी मूर्खपणा करते आहे का? जुलै तोंडावर आला आहे. ती नारिंगी शेड बाबांच्या बंदुकीवर बसली तर मी कुणाला तोंड दाखवू? आणि तरीही जाहिरात बंद केल्यापासून मी शिट्टी वाजवत पायऱ्या चढते आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं की लॉटरी लागली का.

२१ जून

उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा सण ताउनोकडे केला. म्हणजे रंग बघायला गेले होते, योगायोगाने सण होता.

सरोवराकाठी होळी पेटली, अख्खं गाव जमलं. डासांनाही कुणीतरी आमंत्रण दिलं असावं. गावातली एक बाई मला म्हणाली, "तूच का ती दात करणारी? ताउनोने यंदा खिडक्या पुसल्यात." साव्होमध्ये लोक खिडक्या पुसल्याचीही बातमी करतात!

मग सौनातून बाहेर पडल्यावर, केस ओले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन ताउनो आला. पेटी! एच-व्ही! शिक्का असा खोल की बोट अडकावं. मी उडीच मारली. आनंदाने त्याच्या गळ्यात पडले, आणि नंतर पेटी बघण्यासाठी सोडलं.

"आता फक्त बुश राहिलं," मी ओरडले. "बुश मिळालं की झालं! मग इतक्या लांब हेलपाटे नकोत!"

त्याचा चेहरा होळीच्या उजेडातही विझल्यासारखा झाला. "नकोत ना," तो म्हणाला. "हेलपाटे म्हणजे तसा त्रासच."

"आहे ना बुश?"

"असेलही."

आणि इथे माझं डोकं फिरलं. "ताउनो, इतके महिने मी 'असेलही' ऐकते आहे. एका शब्दात सांग. आहे की नाही?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "एका शब्दात म्हटलं तर, शब्द तसे दोन आहेत, आणि त्यातला कुठला..."

मी पेटी उचलली, गाडीत बसले आणि निघून आले. आमच्याकडे दार आपटून गेलं की भांडण संपतं. चार तास मी दार आपटल्याच्या आवेशात गाडी चालवली आणि भांडण काही संपेना.

२९ जून

फोन नाही. मी करणार नाही. माझा काय संबंध?

तुर्कूची जाहिरात उघडली. 'विकले गेले.'

१० जुलै

ताइस्तो बर्चचा गोल पाट घेऊन आला. मधोमध भोक पाडून. "नुसतं माप बघतो," म्हणाला. बंदूक त्या भोकात अगदी फिट बसली. मी त्याला जेवायला न देता घालवला.

परीक्षक हेर्मान्नी हा भिंग घेऊन जन्मलेला माणूस आहे म्हणतात. बुश नसलं तर नळी लाकडात खुळखुळते, आंधळ्यालाही कळेल. परवा स्पर्धा. मी हरले. लिहून टाकलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

१२ जुलै

घाईने लिहिते आहे, अक्षर बघू नका. कोण बघणार आहे म्हणा.

सकाळी मैदानावर पोचले. ताइस्तो आधीच हजर, बगलेत ती नारिंगी शेड, गोंडे वाऱ्यावर. नोंदणीच्या रांगेत उभी राहिले आणि फाटकातून एक निळी खटारा व्हॅन आत आली. ताउनो! इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, हातात फडक्यात बांधलेला कालाकुक्को. माझ्यापुढे उभा राहिला, खिशातून अॅल्युमिनियमचं बुश काढलं आणि म्हणाला, "हे सापडलं. म्हणजे, होतं."

गवतावर बसून आम्ही दोघांनी बुश बसवलं. त्याची बोटं, माझी बोटं, एक स्क्रूड्रायव्हर. बंदूक खुळखुळायची थांबली. माझ्या छातीतलं काहीतरी मात्र खुळखुळायला लागलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

हेर्मान्नीने भिंग लावलं. पेटी बघितली, कडं बघितलं, कडी, स्क्रू, बुश. भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. भोवती माणसं जमली.

"नापास," तो म्हणाला.

"काय?" मी.

"बाई, ही फारच बरोबर आहे. युद्धातून, दुरुस्तीच्या कारखान्यांतून, तळघरांतून आलेली बंदूक, आणि एकही भाग परका नाही? सगळं १९३४? 'मूळ अवस्था' म्हणजे सैन्याने ज्या अवस्थेत सोडली ती. सैन्याने अशी नवरीसारखी नटलेली बंदूक कधी कुणाला दिली नाही. ही शोकेसमधून उचललेली दिसते."

ताइस्तोने शेड डोक्यावर धरून एक गिरकी घेतली. लोक हसले. मी शपथेवर सांगते, मी बंदुकीचा दस्ता धरला होता आणि तो सोडवायला चार माणसं लागली असती.

मग हेर्मान्नीची नजर ताउनोवर गेली. "रिस्सानेन, तू इथे? मग तूच सांग. हे सगळे भाग पहिल्यापासून हिचेच आहेत का? आहेत की नाहीत?"

सगळ्यांच्या माना वळल्या. चहावाल्या बायकासुद्धा किटली खाली ठेवून पुढे सरकल्या. साव्होच्या माणसाला कुणी 'आहे की नाही' विचारणं म्हणजे मांजराला पोहायला सांगणं. ताउनोच्या कपाळावर घाम आला. त्याने टाय सैल केला. माझ्याकडे बघितलं.

"नाहीत," तो म्हणाला.

कुणाच्या तरी हातून कप पडला.

"पेटी एका बंदुकीची," ताउनो म्हणाला, आणि आता थांबेचना, "कडं दुसरीचं. कडी तिसरीची, स्क्रू चौथीचा, बुश अजून भलतीचं. सगळे माझ्याकडचे. सगळे माझ्या ड्रॉवरमध्ये लेबल लावून होते. पहिल्याच दिवशी देता आले असते. दिले नाहीत."

"का?" हेर्मान्नीने विचारलं.

"एकदम दिले असते तर ती एकदाच आली असती."

गर्दीतल्या बायकांनी एकाच वेळी श्वास घेतला. हेर्मान्नीचं मात्र भिंगापलीकडे लक्ष नव्हतं. तो उजळला होता. "म्हणजे ही पाच बंदुकांची भेसळ आहे! मग आधी का नाही सांगितलंत? आपल्या सैन्यात सगळ्याच अशा होत्या. पास!" त्याने शिक्का मारला आणि सहज विचारलं, "आधीचे भाग कसले होते?"

मी सांगितलं. रशियन पेटी, भलतं कडं, सायकलचा स्क्रू.

"अहो, मग तशीच आणायची! तशी तर बघताक्षणी पास केली असती. दुरुस्तीवाले बुश बहुतेक वेळा बसवतच नसत."

ताइस्तोची शेड खाली आली. आणि मी? माझी बंदूक वाचली होती, मी नाचायला हवं होतं. मी ताउनोवर तुटून पडले. "पहिल्याच दिवशी? पहिल्याच दिवशी! मार्चपासून मी बर्फातून, चिखलातून, डासांतून येते आहे, हा माणूस मला एकेक स्क्रू चारतोय, आणि सगळं तयार असताना तोंड शिवून बसतो! तयार असलेली वस्तू लपवून ठेवणाऱ्या माणसाला म्हणावं तरी काय?"

हे म्हणताना मी रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला. रुमालात काहीतरी टणक लागलं.

मी गप्प झाले. इतकी अचानक, की लोकांना वाटलं मला चक्कर आली. ताइस्तो खुर्ची आणायला धावला. (शेवटी फर्निचरच.)

मी रुमाल सोडला आणि दात ताउनोच्या तळहातावर ठेवला.

त्याने तो उन्हात धरला. रंग असा जुळला होता की विचारू नका. "हा तयार झालेला दिसतो," तो म्हणाला.

"मेमध्ये," मी म्हटलं. सपाट.

आधी तो हसला की मी, सांगता येत नाही. खिंडारासकट हसला. मी तर बंदुकीवर रेलून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हेर्मान्नीने बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा तपासलं.

नेमबाजीत माझा नंबर शेवटून तिसरा आला. माझ्या खाली जे दोघे होते ते चष्मे घरी विसरले होते. कुणाला पर्वा!

१५ जुलै

दात पहिल्याच प्रयत्नात बसला, असा ताउनोचा निरोप. 'स' वाजत नाही. बंदूक भिंतीवर आहे, पुरी, माझी. ताइस्तोने शेड आपल्या कॉफीमशीनवर घातली आहे.

म्हणजे आता काहीच राहिलं नाही. ना भाग, ना दात. शनिवार रिकामा.

संध्याकाळी बंदुकीला तेल लावत होते. पुढच्या कड्याचा स्क्रू हातातून निसटला, घरंगळत बाल्कनीच्या कठड्याखालून गेला आणि खाली गुलाबाच्या वाफ्यात पडला. तीस वर्षं मी तांदळाच्या दाण्याहून लहान वस्तू हाताळते आहे. एकही कधी निसटली नाही. आज निसटली. वाफ्यात शोधायला गेले नाही, काटे असतात. बिस्किटांच्या डब्यात जुना स्क्रू होता, पण तो सायकलचा.

फोन केला.

"स्क्रू हरवला," मी म्हटलं.

बराच वेळ नुसता श्वास. पण हा श्वास हसत होता. "तसला स्क्रू... असेलही. नसेलही, असंही होऊ शकतं. शोधावा लागेल."

"किती वेळ लागेल?"

"ड्रॉवर पुष्कळ आहेत. बर्फ पडेपर्यंत जाईलसं दिसतं."

"बरं," मी म्हटलं.

बाहेर इतकं ऊन आहे की खालच्या बाई अंगणात पाय पाण्यात सोडून बसल्या आहेत. मी बॅग भरते आहे. वेलदोड्याचा गोड पुल्ला पाव, टॉवेल, चष्मा. आणि लोकरी मोजे. दोन जोड.